समुद्राचे वेळापत्रक

मुंबईहून पुण्यास जावयाचे असले, तर वेळापत्रक पाहावे, तिकीट काढावे आणि नेमल्या वेळी स्थानकावर हजर राहावे. एक गाडी चुकली, तरी थोड्या वेळाने दुसरी मिळते. परंतु ज्या प्रदेशात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याच्या वाटेवर समुद्रच पसरलेला असतो, तेथील प्रवास इतक्या सोप्या हिशेबाने आखता येत नाही. बंगालच्या उपसागरातील अंदमानची बेटे हे याचे उत्तम उदाहरण होय.

चेन्नईपासून १३०० किलोमीटरहून अधिक अंतरावर ही बेटे आहेत. अंदमान व निकोबार मिळून लहानमोठी बेटे व खडक आठशेंहून अधिक भरतात. मनुष्यवस्ती मात्र जेमतेम तीस-पस्तीस बेटांवर आहे. राजधानी पोर्ट ब्लेअर. २०२४ साली तिचे नाव श्री विजयपुरम् असे झाले. तेथून ईशान्येस हॅवलॉक व नील ही दोन बेटे आहेत. १९४३ साली नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी अंदमानास ‘शहीद’ आणि निकोबारास ‘स्वराज’ अशी नावे सुचविली होती. त्या स्मृतीसाठी २०१८ साली हॅवलॉकला स्वराज द्वीप आणि नीलला शहीद द्वीप ही नावे देण्यात आली.

मराठी प्रवाशाची पावले प्रथम राजधानीतील सेल्युलर जेलकडे वळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. विनायक दामोदर सावरकर १९११ साली तेथे आणले गेले. त्यांचे वडील बंधू बाबाराव त्याच कारागृहात कोठडी भोगीत होते. ते दर्शन झाले की मग बेटांच्या प्रवासास निघावयाचे.

पण कोणत्या महिन्यात? नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्याच्या उत्तरार्धातच अंदमानात येऊन पोहोचतात. कोकणात पाऊस सुरू होण्यास तेव्हा सुमारे तीन आठवडे अवकाश असतो. पुढे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात चक्री वादळे उठण्याचा काळ. दिवाळीची सुटी आपल्याला सोयीची वाटते खरी, परंतु समुद्राच्या पंचांगात ती सोयीची नसते. जानेवारीपासून एप्रिलपर्यंतचा समुद्र त्या मानाने शांत असतो.

समुद्र खवळला म्हणजे काय होते, हे २०१६ च्या डिसेंबरात दिसून आले. वादळी पाऊस व सोसाट्याचा वारा यांमुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक व नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. या बेटांवर विमानतळ नाही. सामान्य प्रवाशास बोटीवाचून मार्ग नाही. त्यांना आणण्यासाठी नौदल व तटरक्षक दल यांची जहाजे निघाली, पण त्यांनाही वारा ओसरण्याची वाट पाहावी लागली. अनेकांची परतीची विमाने निघून गेली. विमान दुसरे मिळते. पण त्या गर्दीत कोणी म्हातारे असेल, कोणाची औषधे संपली असतील, याचा विचार करावा.

म्हणून जाणता प्रवासी आपली आखणी उलट्या बाजूने करतो. तो आधी परतीचा दिवस लिहितो. त्याच्या आदला पूर्ण दिवस राजधानीत मोकळा ठेवतो. मग त्याच्यामागे शहीद द्वीपावरची एक रात्र, त्याच्यामागे स्वराज द्वीपावरच्या दोन रात्री आणि सर्वांत शेवटी पोहोचण्याचा दिवस, असा क्रम लावतो. लांबचे आधी पाहावे आणि जवळचे शेवटासाठी राखावे, हा त्यातील हिशेब.

आता दिवसातील वेळांकडे वळू. आपली प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची. श्री विजयपुरम् सुमारे पावणेत्र्याण्णव अंशांवर, म्हणजे सव्वादहा अंश पूर्वेस. एका अंशास चार मिनिटे याप्रमाणे तेथील सूर्य घड्याळाच्या एकेचाळीस मिनिटे पुढे धावतो. डिसेंबरात तेथे सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. स्वराज द्वीपाच्या पश्चिम किनाऱ्यावर राधानगर नावाची प्रसिद्ध चौपाटी आहे. तेथील सूर्यास्त पाहण्यासाठी मुंबईच्या सवयीने सहा वाजता पोहोचणाऱ्यास नुसता काळोख दिसेल!

सूर्याचा हिशेब सोपा आहे. चंद्राचा तितका सोपा नाही. शहीद द्वीपावर समुद्रकाठच्या खडकात निसर्गतः कोरली गेलेली एक कमान आहे. तिच्याजवळ जावयाचे तर ओहोटीच हवी, कारण भरतीच्या वेळी वाटेतील खडक पाण्याखाली जातात. ओहोटी दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. समजा, आज ती दुपारी दोन वाजता आहे. तर उद्या दोन पन्नासला आणि तीन दिवसांनी साडेचारला येईल. पाचला सूर्य मावळणार! खडकांतून परत येईपर्यंत अंधार पडेल आणि पाणीही चढू लागेल. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी फार वर चढते, तसेच फार खालीही उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा हा चढउतार थोडा असतो. तिथीवरून भरतीची वेळ काढण्याची कोकणातील कोळ्यांची रीत प्रसिद्ध आहे. परंतु तो हिशेब त्यांच्या किनाऱ्याचा. तिथी तीच असली, तरी अंदमानातील घड्याळात वेळ निराळी येते. तेव्हा तेथील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे, किंवा किनाऱ्यावरच्या नावाड्यास विचारावे.

नकाशावर दिसणारे प्रत्येक बेट प्रवाशासाठी नसते. उत्तर सेंटिनल बेटाजवळ जाण्यास मनाई आहे. जारवा, सेंटिनली आदी आदिवासींच्या रक्षणासाठी १९५६ साली नियम करण्यात आला. बाहेरच्या माणसांबरोबर येणाऱ्या साध्या रोगांनीही अशा जमातींचा घात होतो, असा पूर्वीचा दुःखद अनुभव आहे. तेव्हा जारवांच्या भागातून जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची छायाचित्रे काढणे हा गुन्हा होय, हे योग्यच आहे. किनाऱ्यावर पडलेले प्रवाळही उचलून आणावयाचे नसते. त्यास कायद्याचे संरक्षण आहे.

हवा चांगली राहिली, तर शेवटचा मोकळा दिवस हाती उरतो. त्या दिवशी राजधानीसमोरचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप पाहावे. पूर्वी ते रॉस बेट म्हणून ओळखले जाई. इंग्रज अधिकाऱ्यांची कचेरी, चर्च व बंगले येथे होते. आज त्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे आणि पडक्या ओसऱ्यांतून हरणे हिंडतात.

हे अंतर अगदी थोडे. म्हणून कोणी निष्काळजी होतो. २६ जानेवारी २०१४ रोजी याच परिसरात क्षमतेहून अधिक प्रवासी घेतलेली एक बोट बुडाली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. बोटीत चढण्यापूर्वी किती जणांची परवानगी आहे हे विचारावे, आत बसलेली माणसे मोजावी, आणि तरंगण्याचे जाकीट हातात न धरता अंगात घालावे. बोट भरली असेल, तर धक्क्यावर थांबून दुसरी येऊ द्यावी.