तलावातील मत्स्य व पथ्यविचार

भंडारा-गोंदिया परिसरातील मालगुजारी तलावांवर ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आला आहे. तेथील रुग्णास सरसकट ‘मासे वर्ज्य’ सांगणे म्हणजे त्याचा नित्याहारच तोडणे होय. सुश्रुताचार्यांनी (सूत्रस्थान, अ. ४६) नदीतील व तलावातील मत्स्यांचे गुण पृथक् वर्णिले आहेत. चरकाचार्य (सूत्रस्थान, अ. २७) शेवाळ खाणाऱ्या रोहितास, म्हणजे बहुधा आपल्या रोहूस, दीपनीय व लघुपाकी मानतात. तेव्हा मासा कोणता, हे आधी विचारावे.

खरा धोका अन्यत्र आहे. मत्स्य व दूध हा विरुद्धाहार (चरक सूत्रस्थान, अ. २६) सर्वांस पाठ असतो, तथापि अश्वगंधाचूर्ण दुधासह लिहिताना रुग्णाच्या ताटात काय असते, हे विचारणे राहून जाते. प्रस्तुत लेखकाचेही राहिले आहे. औषधविक्रेत्यांनीही पुडी देताना हा प्रश्न अवश्य करावा.