नको म्हणणाऱ्या नवऱ्याला नाताळची भेट

प्रश्न : लग्नाला बारा वर्षे झाली. माझे मिस्टर साखर कारखान्यात आहेत. गळिताचा हंगाम आणि नाताळ एकत्रच येतात, त्यामुळे पाळी कोणती लागेल ते आदल्या आठवड्यापर्यंत कळत नाही. दर नाताळला मुलांना, सासूबाईंना, मला नवे कपडे घेतात. स्वतःचे विचारले की म्हणतात, ‘मला काही नको, आहे ते पुष्कळ आहे.’ मी हौसेने शर्टपीस घेते, तो कपाटातच राहतो, शिवायला टाकत नाहीत. त्यांना नाद एकच, मंडळीच्या गीतफेरीत तबला वाजवायचा. तबला-डग्गा मामंजींच्या वेळचा आहे. यंदा शिवणकामातून मी दीड-दोन हजार बाजूला ठेवले आहेत. काय घेऊ? सासूबाईंचे म्हणणे, बायकोने नवऱ्याला भेट द्यायची ही साहेबाची रीत, आपल्यात नव्हती. हे खरे का?
— एक वाचक भगिनी, श्रीरामपूर तालुका, जि. अहिल्यानगर

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या शंकेचे बघू, कारण ती मोलाची आहे. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळे, चकल्या, दारावर कागदी तारा आणि शेजारीपाजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, झाकून पोचवलेली फराळाची ताटे. भेट होती, पण ती घरातून बाहेर जायची. नवरा-बायकोने एकमेकांना कागदात गुंडाळून काही द्यायचे, हे फार नंतरचे.

पण ती ‘साहेबाची रीत’ म्हणावी, तर नगरला आलेल्या साहेबांच्याही घरची ती नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले 1831 मध्ये. ते बहुतेक न्यू इंग्लंडचे, प्युरिटन परंपरेत वाढलेले. त्या परंपरेला नाताळ मुळी मान्यच नव्हता. बायबलात ख्रिस्तजन्माची तारीख दिलेली नाही, मग सण कशाचा, असा त्यांचा रोखठोक सवाल. मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 च्या कायद्याने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा 1681 मध्ये उठला, तरी त्या राज्यात नाताळची सरकारी सुट्टी व्हायला 1856 साल उजाडले. म्हणजे नगरच्या मिशनला पंचवीस वर्षे होत आली तेव्हा कुठे मॅसॅच्युसेट्समध्ये ही सुट्टी मिळाली. युरोपात भेटी असत, पण पुष्कळ ठिकाणी त्या 6 डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, नाहीतर 6 जानेवारीला, मागी लोकांच्या सणाला. त्याही मुख्यतः लेकरांना. घरातल्या घरात सगळ्यांनी सगळ्यांना द्यायची पद्धत एकोणिसाव्या शतकात शहरांतून वाढली, आणि दुकानदारांनी ती चांगलीच वाढवली. तेव्हा सासूबाईंना सांगा, रीत तिकडेही नवीच आहे, आणि नवी म्हणून ती वाईट ठरत नाही.

आता बायकोने नवऱ्याला द्यावे का? याला आपल्या जिल्ह्यातलेच उत्तर आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. मग परत आल्या आणि पुढचा बराचसा संसार नगर-राहुरीच्या परिसरात झाला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतले होते. 1919 मध्ये ते वारले तेव्हा अकराएक अध्यायच झाले होते. लिहिणे-वाचणे लग्नानंतर नवऱ्याकडून शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या, आणि शेवटचा शहात्तरावा अध्याय मुलाने, देवदत्तांनी लिहिला. लोक लक्ष्मीबाईंना ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रासाठी ओळखतात आणि ते योग्यच आहे, पण मला त्यांच्या या चौसष्ट अध्यायांविषयी फार आदर वाटतो. नवऱ्याचा जीव ज्यात होता आणि जे अपुरे राहिले होते, ते त्यांनी हाती घेतले. बायकोने नवऱ्याला याहून मोठे काही दिल्याचे माझ्या माहितीत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तरही मी तिथूनच काढतो. ‘मला काही नको’ म्हणणाऱ्या माणसाला नवी वस्तू देऊ नये. तो ज्या वस्तूला जीव लावतो, तिच्यात काय उणे आहे ते बघावे. ओ. हेन्रीची 1905 मधली नाताळची गोष्ट पुष्कळांनी वाचली असेल. बायको केस विकते आणि नवऱ्याच्या घड्याळासाठी साखळी आणते. केस विकणे लक्षात राहते. मला मात्र तिने साखळीच आणली हे जास्त महत्त्वाचे वाटते. घड्याळ त्याच्या आजोबा-वडिलांकडून आलेले, त्याला साखळी नाही, म्हणून तो ते चारचौघांत काढत नाही, हे तिने पाहिले होते.

ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहून पाठवले आहे. मामंजींच्या तबल्याला नवी पुडी घाला.

आधी तबला नीट बघा, ते बाहेर असताना, उजेडात. मधल्या काळ्या शाईला बारीक भेगा असतात, त्या मुळातच असतात, त्याने काही बिघडत नाही. पण शाईच्या कपच्या निघाल्या असतील, काठाच्या चाटेपाशी कातडे फाटले असेल किंवा तबला बोटाखाली खरखरत असेल, तर पुडी संपली. बाजूच्या वाद्या बघा. सुकून तडकल्या असतील तर पुडीबरोबर त्याही बदलाव्या लागतील. लाकडी गट्टे हातोडीने ठोकून पार खाली गेले असतील तर समजा की तुमचे मिस्टर बरेच दिवस सैल कातडे ओढूनताणून सुरात आणत आहेत. डिसेंबरातल्या नगरच्या थंडीत, गीतफेरीत घरोघरी उघड्यावर, हा त्रास दुप्पट होतो. हवा बदलली की कातडे बदलते, आणि जुनी पुडी तो बदल पेलत नाही.

खोड मात्र बदलू नका. शिसवीचे जुने खोड चांगले असेल तर तसे नवीन सहज मिळत नाही, आणि ते मामंजींचे आहे. दुकानदार ‘नवा जोडच घ्या’ म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका.

एक अडचण आहे. पुडी गुपचूप आणून चालत नाही. कारागीर तुम्हाला दोन गोष्टी विचारेल, तोंडाचा व्यास किती इंच आणि सूर कोणता. व्यास तुम्ही शिवणाच्या फितीने मोजाल. सूर तबला वाजवणाऱ्यालाच ठाऊक. तुमच्या मंडळीत पेटी कोणत्या पट्टीत वाजते, काळी एक की पांढरी चार, हे पेटी वाजवणाऱ्यांना विचारता येईल. त्यांना सामील करून घ्या. आपल्या मंडळ्यांतली गाणी ‘उपासना संगीता’तली असोत की भजनी चालीवरची, पेटी-तबल्याखेरीज ती रंगत नाहीत. नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची गाणी दिली. तुमच्या मिस्टरांचा नाद त्या परंपरेचा भाग आहे. तो पोरखेळ नाही, हे घरातही कुणीतरी म्हणायला हवे. त्यांच्या तबल्यावर तुम्ही पैसे खर्च केलेत की ते म्हटल्यासारखेच होईल.

माझा सल्ला असा की गुपित अर्धेच ठेवा. नोव्हेंबर सरता सरता, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, त्यांच्या हातात पैशांचे पाकीट द्या आणि सांगा, हे फक्त तबल्याचे, यातून मुलांची फी भरायची नाही. मग दोघे मिळून कारागिराकडे जा. 25 तारखेपर्यंत थांबू नका. नवी पुडी चढवली की ताण बसतो, कातडे थोडे सैलावते, पुन्हा ओढून घ्यावे लागते; हात बसायलाही वेळ लागतो. गीतफेरी सुरू होण्याआधी तबला घरी हवा. दीड-दोन हजारांत तबल्याचे काम होते का, डग्ग्याचेही होते का, ते आधी विचारा. दोन्ही बसत नसतील तर तबल्याचे आधी करा, डग्ग्याला ईस्टरपर्यंत थांबवता येते.

25 च्या सकाळी हातात द्यायला काही हवेच असेल, तर तुम्हाला शिवण येते. जुन्या लुगड्याच्या घड्या घालून तबला आणि डग्ग्याला दोन जाड खोळी शिवा, खालच्या गोल गाद्याही नव्या करा. आणि त्या पडून असलेल्या शर्टपीसातला एक शिंप्याकडे तुम्हीच टाका, माप जुन्या शर्टावरून देऊन. शिवलेला शर्ट माणूस घालतो. कापड कपाटात पडते, कारण शिलाईचे पैसे त्याला स्वतःवर खर्च करवत नाहीत.

याच विषयावर आणखी पत्रे आली आहेत, त्यांना थोडक्यात. ज्यांचे यजमान रात्री उसाला पाणी द्यायला जातात त्यांनी जिल्ह्यातल्या विणकरांकडची लोकरीची घोंगडी पाहावी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. सुरुवातीला टोचते, वापरून मऊ होते आणि वर्षानुवर्षे टिकते. ज्यांच्या घरी वडिलांचे ‘उपासना संगीत’ किंवा बायबल पाने सुटून फडक्यात बांधून ठेवले आहे, त्यांनी बाइंडरकडून ते शिवून घ्यावे, डिंकाने चिकटवून नव्हे. मोबाइल घेऊ का, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर नाही असे आहे. तो हप्त्यावर येतो आणि हप्ता बहुधा नवराच भरतो.

श्रीरामपूरच्या ताईंना एवढेच आणखी सांगतो. तबला दुरुस्तीला दिला की रविवारच्या उपासनेला अडायला नको, म्हणून मंडळीतला दुसरा जोड आधीच मागून ठेवा, आणि कारागिराकडून तारीख कागदावर लिहून घ्या.