नांवाजलेला खेळाडू आणि राखीव बाक

फुटबॉल म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें पायानें मारावयाचा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेंतील लोक ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ मात्र अगदीं निराळा. त्यांतील चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो, आणि तो बहुतेक वेळ पायापाशीं नसून हातांत असतो. प्रत्येक पक्षाचे अकरा गडी मैदानावर असतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढें सरकावें, नाहीं तर चेंडू दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, हा त्या खेळांतील मुख्य नियम.

प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू ज्याच्या हातीं येतो, आणि तो कोणाकडे फेंकावा, कोणाच्या हातीं द्यावा कीं आपणच घेऊन धांवावें हें ज्यास क्षणार्धांत ठरवावें लागतें, त्या गड्यास क्वार्टरबॅक म्हणतात. इतर जागांवरील गडी दमले कीं बदलतात. क्वार्टरबॅक मात्र बहुधा शेवटपर्यंत एकच. क्रिकेटमध्यें विकेटकीपर एकच असतो, तसेंच हें. संघांत ह्या जागेचे चार-पांच उमेदवार असले तरी एक खेळतो आणि बाकीचे पाहतात. ज्यांना पाहात बसावें लागतें त्यांपैकीं एकाचा वृत्तांत येथें द्यावयाचा आहे. आणि तो एक सामान्य खेळाडू नव्हता, हीच त्यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट होय.

त्याचें नांव जे. टी. डॅनिअल्स. कॅलिफोर्निया प्रांतांत सँटा ॲना येथें मेटर डे नांवाचें एक कॅथॉलिक हायस्कूल आहे. ह्या शाळेच्या संघानें 2017 सालीं एकही सामना गमावला नाहीं, आणि त्या संघाचा क्वार्टरबॅक डॅनिअल्स हा होता. त्या वर्षीं साऱ्या देशांतील शाळकरी फुटबॉलपटूंमध्यें सर्वोत्कृष्ट म्हणून त्याची निवड झाली. अमेरिकेंत शाळकरी खेळाडूंस पारखून त्यांना एकापासून पांचपर्यंत तारे बहाल करणारे परीक्षक असतात. डॅनिअल्सला पांच तारे मिळाले. शाळेचें अखेरचें वर्ष गाळून, अभ्यास लवकर आटोपून, तो 2018 सालीं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत दाखल झाला व पहिल्याच सामन्यांत मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरला. त्यावेळीं त्याचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येईल. पहिल्या वर्षीं संघानें पांच सामने जिंकले व सात हरले. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सामन्यांत, 31 ऑगस्ट 2019 रोजीं, डॅनिअल्सच्या गुडघ्यांतील अस्थिबंध तुटला आणि त्याचें वर्ष तेथेंच संपलें. त्याच्या जागीं केडन स्लोव्हिस हा नवखा मुलगा आला. तो इतका चांगला खेळला कीं डॅनिअल्स बरा होऊं लागला तेव्हां त्याची जागा रिकामी राहिली नव्हती.

येथें कॉलेज बदलण्याच्या नियमासंबंधीं चार शब्द लिहिणें आवश्यक आहे. पदवी न घेतां दुसऱ्या कॉलेजांत जाणाऱ्या फुटबॉलपटूनें एक वर्ष सामन्यांपासून दूर राहावें, असा तेथें पुष्कळ वर्षें नियम होता. विशेष परवानगी मिळाली तरच त्यांतून सुटका होई. 2021 सालीं एकदां कॉलेज बदलण्याची मोकळीक मिळाली, आणि 2024 पासून अभ्यास समाधानकारक असेल तर कितीही वेळां बदल करतां येतो. डॅनिअल्सनें 2020 च्या मे महिन्यांत जॉर्जिया विद्यापीठ पत्करलें तेव्हां जुना नियम चालू होता. परंतु जुलै महिन्यांत त्यास विशेष परवानगी मिळाली. अथेन्स गांवीं ह्या विद्यापीठाचें जें क्रीडांगण आहे त्यांत 90,000 हून अधिक प्रेक्षक बसतात. तेथील लोकांस आतां आपला क्वार्टरबॅक आला असें वाटलें.

पण तो खेळला नाहीं. पहिला सामना झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. डॅनिअल्स मैदानाच्या कडेलाच. वाचकांस नवल वाटेल, परंतु त्याचीं कारणें पाहूं गेल्यास तीं अगदीं साधीं आहेत. पहिलें कारण गुडघा. हंगामाच्या आरंभीं डॉक्टरांची पूर्ण परवानगी आलेली नव्हती. ती मिळाल्यावरही त्या पायावर भार टाकून, अंगावर धांवून येणाऱ्या धिप्पाड गड्यांकडे न पाहतां चेंडू फेंकण्याचा धीर एका दिवसांत येत नाहीं. दुसरें असें कीं, त्या वर्षीं कोरोनाच्या सांथीमुळें वसंत ऋतूंतील सराव बंद पडला होता. प्रत्येक संघाच्या चालींची एक जाडजूड वही असते. त्यांतील प्रत्येक चालीचें सांकेतिक नांव असतें, आणि तें उच्चारतांच अकराहि जणांनीं आपापल्या वाटेनें निघावयाचें असतें. क्वार्टरबॅकला केवळ आपलें काम ठाऊक असून भागत नाहीं, अकराहि जणांचें काम मुखोद्गत असावें लागतें. कोणता गडी कितव्या पावलावर वळतो हें कागदावरून कळत नाहीं. तें शेंकडों वेळां चेंडू फेंकूनच हातांत मुरतें.

आणि येथेंच खरी अडचण आहे. हंगामांत आठवड्यास 20 तासांहून अधिक सराव घेऊं नये, असा तेथील कॉलेजांस नियम आहे. शिक्षकानें हे तास चौघांत सारखे वांटले तर चौघेही अर्धवट तयार होतील. म्हणून शनिवारीं जो खेळणार त्याच्या वांट्यास सरावाचा मोठा भाग जातो, दुसऱ्यास थोडा मिळतो, तिसरा बहुतेक उभाच राहतो. सराव नाहीं म्हणून जागा नाहीं आणि जागा नाहीं म्हणून सराव नाहीं, अशा चक्रांत नवागत सांपडतो. परक्या ठिकाणाहून मोठें नांव घेऊन आलेल्यास हें चक्र अधिक जाचतें. कारण मागील पराक्रम त्यानें ज्यांच्या संगतीनें केले ते सोबती मागें राहिलेले असतात.

त्या जागेवर खेळत होता तो कोण? प्रथम ड्वान मॅथिस नांवाच्या तरुणास उतरविण्यांत आलें. परंतु त्याचें जमेना म्हणून त्याच सामन्यांत स्टेट्सन बेनेट यास बोलावलें. हा बेनेट जॉर्जिया प्रांतांतीलच ब्लॅकशिअर ह्या लहानशा गांवचा. शाळेंत असतां पोस्टमनची टोपी घालून तो खेळाच्या शिबिरांस जाई, म्हणून त्याचें टोपणनांवही तेंच पडलें. पांच तारे दूरच; त्यास विद्यापीठानें शिष्यवृत्तीही देऊं केली नव्हती. त्या काळीं एका कॉलेजास फुटबॉलसाठीं 85 शिष्यवृत्त्या देतां येत. उरलेले मुलगे स्वतःच्या खर्चानें शिकून संघांत राबत. बेनेट 2017 सालीं असाच आला. त्याचें काम काय, तर पुढील सामन्यांतील प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकची नक्कल करून आपल्या गड्यांना सराव द्यावा. ओक्लाहोमा संघाशीं सामना ठरला तेव्हां तो त्यांच्या बेकर मेफिल्डची भूमिका वठवीत असे. सामन्यांत मात्र त्यास कोणी उतरवीना. एक वर्षानें तो मिसिसिपी प्रांतांतील एका लहान ज्युनिअर कॉलेजांत गेला, तेथें खेळला, आणि 2019 सालीं शिष्यवृत्ती मिळवून जॉर्जियांत परत आला. संघ बदलणें त्याच्याही चरित्रांत आहे, हें विसरतां कामा नये. फक्त त्यावेळीं त्याची दखल कोणी फारशी घेतली नाहीं.

2020 सालीं बेनेटनें कांहीं सामने जिंकून दिले. परंतु अलाबामा व फ्लोरिडा ह्या प्रबळ संघांपुढें जॉर्जिया हरली. तेव्हां 21 नोव्हेंबर रोजीं डॅनिअल्सला मुख्य म्हणून उतरविण्यांत आलें. चौदा महिन्यांहून अधिक काळानें तो सामना खेळत होता. त्यानें त्या दिवशीं 401 यार्डांची फेंक केली, चार वेळां त्याच्या फेंकीवर चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला, आणि संघ 31–24 असा विजयी झाला. राहिलेले तिन्ही सामनेही जॉर्जियानें जिंकले. आतां प्रश्न सुटला असें सर्वांस वाटलें, आणि 2021 चा हंगाम डॅनिअल्सच्या नांवानेंच सुरू झाला. पहिल्या सामन्यांत क्लेम्सन ह्या बलाढ्य संघास 10–3 असें हरविण्यांत आलें.

त्यानंतर लगेच त्याच्या पोटाच्या कडेचा स्नायू दुखावला. पुढल्या सामन्यांत बेनेट आला आणि त्याच्या पांच फेंकी शेवटच्या रेषेपलीकडे पोंचल्या. जॉर्जियानें 56–7 असा विजय मिळविला. डॅनिअल्स परतला, दोन सामने खेळला, आणि पुन्हा पाठीच्या स्नायूस इजा झाली. बेनेट जो परत उभा राहिला तो राहिलाच. डॅनिअल्स बरा झाला, तरी शिक्षक कर्बी स्मार्ट ह्यांनीं बदल केला नाहीं.

खरी कसोटी त्या वर्षाच्या 4 डिसेंबरला लागली. बेनेट खेळत असतां अलाबामानें जॉर्जियास 41–24 असें हरविलें. डॅनिअल्सला आणा, असा पुष्कळांचा आग्रह सुरू झाला. त्यांचें म्हणणें वेडगळ होतें असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. ज्याचा हात अधिक लांब व ज्याची नजर अधिक कसलेली असा गडी बाकावर बसला असतां दुसऱ्यास कां ठेवावें, हा प्रश्न रास्तच होता. दुसऱ्या बाजूस स्मार्ट ह्यांच्यासमोर गेल्या दोन महिन्यांचा अनुभव होता: संघाच्या चाली बेनेटच्या पायांच्या चपळाईशीं जुळून गेल्या होत्या, आणि दोन सामन्यांवर आलेल्या अजिंक्यपदासाठीं सरावाचे तास नव्यानें वांटणें म्हणजे जमलेला मेळ हातानें मोडणें होतें. शिक्षकाचा निर्णय हा पुष्कळदां गुणवत्तेचा निवाडा नसतो. उरलेल्या दिवसांत कोणता धोका पत्करावा, एवढाच तो हिशेब असतो. पण बाकावर बसलेल्या मुलास हें कसें पटावें? घरीं आईबापांस तरी कसें पटावें?

स्मार्ट ह्यांनीं बेनेटला ठेवलें. 31 डिसेंबरला मिशिगनचा 34–11 असा पराभव झाला, आणि 10 जानेवारी 2022 रोजीं इंडियानापोलिस येथें पुन्हा अलाबामाशीं गांठ पडली. अखेरच्या पावतासांत बेनेटच्याच हातून चेंडू निसटला आणि त्याचा लाभ घेऊन अलाबामानें 18–13 अशी आघाडी मिळविली. त्या क्षणीं किती जणांच्या मनांत दुसऱ्याचें नांव आलें असेल! परंतु पुढच्याच संधीस बेनेटनें 40 यार्डांवरून चेंडू फेंकून ती आघाडी परत घेतली, थोड्या वेळानें आणखी एक यशस्वी फेंक केली, आणि सामना 33–18 असा संपला. 1980 च्या हंगामानंतर जॉर्जियास मिळालेलें हें पहिलेंच राष्ट्रीय अजिंक्यपद. पुढील वर्षीं बेनेटच्याच हातून तें दुसऱ्यांदां आलें. त्या अंतिम सामन्यांतील गुणसंख्या 65–7 अशी होती.

हा वृत्तांत ससा-कासवाची गोष्ट म्हणून सांगण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरला पाहिजे. येथें ससा झोंपला नव्हता. त्याचा गुडघा मोडला होता. तसेंच बेनेट हाही कांहीं मंद गतीचें कासव नव्हता. चार वर्षें कोणी न पाहतां त्यानें कसब कमावलें होतें, आणि दुसऱ्याच्या दुखापतीनें दार उघडलें तेव्हां तो उंबऱ्यापाशीं तयार होता. दैव व तयारी ह्यांचे वांटे येथें कोणीं वेगळे करून दाखवावे? मिळालेल्या ताऱ्यांची किंमत फाटकाच्या आंत येईपर्यंतच होती. ह्यापलीकडे निश्चित असें फारसें म्हणतां येत नाहीं.

डॅनिअल्सनें त्याच जानेवारींत संघ बदलण्यासाठीं पुन्हा नांव नोंदविलें. 2022 सालीं तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडून व 2023 सालीं टेक्सास प्रांतांतील राइस विद्यापीठाकडून खेळला, आणि त्या हंगामाच्या अखेरीस, डोक्यास बसलेल्या आघातांमुळें, त्यानें खेळणें सोडून दिलें. जॉर्जियाकडून तो एकूण सात सामन्यांत आरंभापासून उतरला होता. त्यांपैकीं एकही सामना जॉर्जियानें गमावला नाहीं.