नकाशा लोकांपुढे मांडताना

१९८०च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी आपल्या भावी घराचं माप साडीने घेतलं. चौरस फुटाचा हिशेब परका होता, साडीची लांबी रोजच्या हातातली. ‘महिला मिलन’ या संघटनेच्या याच बायकांनी पुढे लाकूड-कापडाची खऱ्या आकाराची घरं उभी करून लोकांना दाखवली. १४ फूट उंच खोली आणि आत पोटमाळा, ही मागणी त्यांची. वॉर्डात नागरिकांची बैठक घेणाऱ्या प्रत्येक नगररचनाकाराने, नगरसेवकाने आणि कार्यकर्त्याने ही साडी लक्षात ठेवावी.

काय करावं

• माप जमिनीवर दाखवा. नवा फुटपाथ किती रुंद, हे फक्की मारून रस्त्यावरच आखा आणि लोकांना त्यावरून चालू द्या. येरवड्यात झोपड्यांच्या जागी २७० चौरस फुटांची घरं बांधण्याआधी रहिवाशांना खऱ्या आकाराचं कापडी घर दाखवलं होतं.

• आधी चुका विचारा. ‘काय हवं?’ हा प्रश्न नंतरचा. मुंबईचा २०३४चा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५मध्ये आला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसावास्तू सुटल्या होत्या. एप्रिलमध्ये तो नव्याने करायची वेळ आली. गल्लीतला माणूस असली चूक पाच मिनिटांत दाखवतो.

• ओळखीच्या खुणा घाला. सर्व्हे नंबराआधी पिंपळाचा पार, रेशनचं दुकान, रिक्षा स्टँड. स्वतःचं घर सापडलं की माणूस नकाशावर वाकतो.

• मॉडेल लोकांकडूनच करवून घ्या. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात टोनी गिब्सन यांनी ‘प्लॅनिंग फॉर रिअल’ ही पद्धत रुजवली: वस्तीचं पुठ्ठ्याचं मॉडेल आणि त्यावर ठेवायची सूचनांची कार्डं. मग कार्डांची वाटणी होते: आत्ता, लवकर, नंतर. सभेत तोंड न उघडणारी सूनही कार्ड ठेवते; ते कोणी ठेवलं, हे कोणी विचारत नाही.

• कार्डावर खर्च लिहा. पुणे महापालिकेने २००६मध्ये अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. रक्कम समोर असली की बाकडी की दिवे, यावर खरी चर्चा होते.

• तोच नकाशा परत आणा. कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, हे त्याच चौकात लावा.

काय टाळावं

• चकचकीत थ्रीडी चित्रं पहिल्याच बैठकीत नकोत. त्यात झाडं डेरेदार, रस्ते मोकळे आणि भाजीवाली गायब. लोकांना वाटतं, सगळं ठरलंय. पेन्सिलीचं कच्चं चित्र पुढे ठेवा. त्यावर खोडायला कोणी कचरत नाही.

• फक्त क्यूआर कोडवर विसंबू नका. मंडईत बाजाराच्या वेळी टेबल मांडा. पाणी येण्याच्या वेळेला बैठक ठेवली, तर बायका येणार नाहीत.

• एफएसआय, टीडीआर असली आद्याक्षरं फेकू नका. ‘तुमच्या खिडकीसमोर किती मजले चढतील’ ते सांगा.

• खेळाला आराखडा समजू नका. संयुक्त राष्ट्रांची ‘यूएन-हॅबिटॅट’ २०१२पासून ‘माइनक्राफ्ट’ या खेळातून मोकळ्या जागांची रचना करून घेते. पोरं त्यात हिरिरीने उतरतात. पण जमिनीखालचं गटार आणि सातबाऱ्यावरचं नाव ठोकळ्यांत दिसत नाही. म्हणून शेजारी अभियंता बसवा.

• कार्डं मोजून कौल जाहीर करू नका. कोण आलं नाही, याची यादी आधी करा: भाडेकरू, फेरीवाले, रात्रपाळीचे कामगार.

• ठरलेली गोष्ट विचारू नका. रस्त्याची रेषा पक्की असेल तर तसं स्पष्ट सांगा. नुसता बाकड्याचा रंग निवडायला बोलावलेली माणसं पुढच्या वेळी फिरकत नाहीत.

• कार्यशाळेला हरकत समजू देऊ नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६प्रमाणे प्रारूप आराखड्यावरची हरकत मुदतीत आणि लेखीच द्यावी लागते. मॉडेलवरचं कार्ड तिथे चालत नाही. म्हणून निघताना प्रत्येकाच्या हाती कोरा अर्ज आणि शेवटची तारीख द्या. लिहिता न येणाऱ्याला तिथेच लिहून द्या.