गळ्यातील गाठ : अवटु ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान व उपचार

कंठाच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटु म्हणजेच थायरॉइड ग्रंथी असते. रक्तातील आयोडीन शोषून ती शरीरास आवश्यक असा रस तयार करते. या ग्रंथीतील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तथापि गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, असे समजणे योग्य नव्हे. गाठ वाढत असल्यास, कठीण लागत असल्यास, आवाज बसल्यास किंवा गिळण्यास त्रास होत असल्यास तपासणी विनाविलंब करून घ्यावी.

पहिली तपासणी सोनोग्राफीची होय. तीत ध्वनिलहरींचा उपयोग होत असल्याने किरणोत्सर्गाचा धोका नसतो. वेड्यावाकड्या कडा आणि चुन्याचे सूक्ष्म कण दिसल्यास संशय बळावतो. मग त्याच चित्राच्या आधारे गाठीत बारीक सुई घालून पेशी तपासतात. मानेतील कोणत्या गाठी काढावयाच्या, हेही शल्यविशारदास सोनोग्राफीवरून ठरविता येते.

शस्त्रक्रियेनंतर आवश्यक त्या रोग्यांस किरणोत्सर्गी आयोडीन १३१ देतात. उरलेल्या पेशी ते शोषून घेतात. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांमुळे रोग कोठे पसरला आहे याचे चित्र मिळते, तर बीटा कण त्या पेशी नष्ट करतात. दर ८ दिवसांनी त्याची किरणोत्सर्गी शक्ती निम्मी होते. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने या उपचारपद्धतीत मोठे कार्य केले आहे. मात्र या कर्करोगाचे काही प्रकार आयोडीन शोषत नाहीत. त्यांना अन्य उपचार करावे लागतात.

आदिलाबाद जिल्ह्यातील रोग्यास अशा उपचारांसाठी हैदराबाद किंवा नागपूरसारख्या दूरच्या शहरी जावे लागते. यासाठी पूर्वीचे सर्व कागद व चित्रे सोबत न्यावीत. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध टोचले असल्यास ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. त्या औषधात बहुधा आयोडीन असते व त्यामुळे पुढील उपचार काही आठवडे लांबणीवर पडू शकतो. हे न सांगितल्यास प्रवास व्यर्थ जाण्याचा संभव असतो. उपचारापूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य करावे. एरवी घरात तेच मीठ वापरणे हितावह आहे. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांस किरणोत्सर्गी आयोडीन देत नाहीत.

वेळीच उपचार झाल्यास या रोगाचे बहुसंख्य रोगी बरे होतात. म्हणून गळ्यातील गाठ पदराआड किंवा उपरण्याआड न लपविता ती डॉक्टरांस दाखविण्याची सवय गावोगावी रुजविणे, हे शिक्षकांचे व आरोग्यसेविकांचे महत्त्वाचे कर्तव्य आहे.