मोबाइल खोटा की हात? – हिवाळ्यातल्या सायकलस्वारीचे विज्ञान

विद्यार्थी मित्रांनो, डिसेंबर-जानेवारीत आपल्या धुळे-जळगावकडे पहाटे सायकल क्लबची मंडळी चहाच्या टपरीवर जमतात. त्यांचं बोलणं कधी ऐकलंय का?

"भलती थंडी शे भो, आज मी नही येत!"

"अरे, एकवीस गिअरची सायकल घेतली, पण रजईतून निघायचा गिअर काही तुला सापडत नाही!"

"मोबाइल म्हणतो १० अंश, आणि हात म्हणतो बर्फ. खोटा कोण?"

प्रश्न गमतीचा आहे, पण त्यात विज्ञानाचा अख्खा पाठ आहे.

खोटा कोणीच नाही

आपल्या शरीराचं तापमान साधारण ३७ अंश. त्यामुळे त्वचेलगत उबदार हवेचा पातळ थर तयार होतो. ताशी २० किमी वेगाने सायकल चालवली, की वारा पडलेला असला तरी तेवढ्याच वेगाची हवा अंगावर येते आणि हा थर उडवून लावते. मग १० अंशांची हवा साधारण ७ अंशांसारखी बोचते. लक्षात ठेवा, वाऱ्याने हवेचं तापमान कमी होत नाही. आपल्या अंगातली उष्णता लवकर निघून जाते. म्हणून मोबाइलही खरा आणि हातही खरा.

खान्देशात पहाट इतकी गार का?

आपण समुद्रापासून दूर. हिवाळ्यात हवा कोरडी, आकाश निरभ्र. रात्रभर जमीन उष्णता सोडत राहते, म्हणून सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या सुमारास असतं. धुळ्याचा पारा कधी कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो. सायकलवाले निघतात तेही नेमके याच वेळी!

चढात घाम, उतारात कापरं

धुळ्याच्या दक्षिणेला मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंग घाट आहे. चढताना स्नायू भरपूर उष्णता तयार करतात, घाम येतो. उतरताना पाय थांबतात, वारा वाढतो आणि घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. बोटं बधीर होतात.

हातमोजे घालणाऱ्याला मित्र चिडवतात, "नवरदेव, वरात कुठे निघाली?" पण हिशोब करा. ताशी ३६ किमी म्हणजे सेकंदाला १० मीटर. बधीर बोटांनी ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर सायकल ५ मीटर पुढे गेलेली असते. समोर रिफ्लेक्टर नसलेली कापसाची ट्रॉली उभी असेल, तर ते ५ मीटर फार महाग पडतात.

हे तुमच्यासाठी

क्लबवाल्यांना थंडी वाजली तर ते सुट्टी घेतात. तुमच्यापैकी कित्येक जण मात्र खेड्यावरून रोज सकाळच्या शाळेला सायकलनेच येतात. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातात चढवा. फक्त ब्रेक नीट दाबता येतो ना, ते आधी बघा. स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा. कागद वारा अडवतो. मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. कोणी हसलं, तर त्याला हा पाठ समजावून सांगा.

करून पाहा : एका हाताला पाणी लावा, दुसरा कोरडा ठेवा आणि दोन्ही हातांवर फुंकर घाला. कोणता हात जास्त गार लागला? का? उत्तर वहीत लिहा.