गोठ्याचे खत आणि विहिरीचे पाणी

जालना जिल्ह्यातील कित्येक शेतवस्त्यांची मांडणी एकाच धाटणीची आढळते. विहिरीलगत गोठा, गोठ्यामागे उकिरडा, आणि घरचे पिण्याचे पाणीही त्याच विहिरीचे. गुरांस पाणी पाजणे व शेण टाकणे सोयीचे जावे म्हणून वडीलधाऱ्यांनी ही योजना केली, आणि दावणीस दोन बैल व एक गाय होती तोवर ती निभावलीही. परंतु जेथे आता दुधासाठी दहा-वीस जनावरे बांधली जातात, तेथे तिचा फेरविचार करणे अगत्याचे झाले आहे.

शेणामुतातील नत्र प्रथम अमोनियाच्या रूपाने सुटते. बंद गोठ्यात पहाटे डोळे चुरचुरतात ते यामुळेच. पुढे जमिनीतील जंतू त्याचे नायट्रेट बनवितात व पीक मुळावाटे तेच घेते. सबब नायट्रेट हे मूळचे विष नव्हे, ते पिकाचे अन्नच होय. अडचण इतकीच की, मातीचे कण अमोनियास धरून ठेवतात तसे नायट्रेटास धरीत नाहीत; पाणी जाईल तिकडे ते जाते. आमची काळी जमीन चिकण, ती पाणी अडवील असे कोणास वाटेल. तथापि हीच जमीन उन्हाळ्यात खोलवर भेगाळते, आणि वळवाचे पहिले पाणी त्या भेगांतून थेट मुरमात उतरते. मुरमाखाली फुटीर काळा पाषाण, आणि त्याच्याच सांधींतून आमच्या विहिरींचे झरे.

आता थोडा हिशेब पाहू. गाडीभर शेणखत 500 किलोंचे व त्यात नत्र शेकडा अर्धा धरल्यास नत्र अडीच किलो होते. ते सर्व नायट्रेट झाले तर सुमारे 11 किलो भरेल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट असावे, अशी भारतीय मानक संस्थेची मर्यादा आहे. म्हणजे एका गाडीतील नत्र सुमारे अडीच लाख लिटर शुद्ध पाण्यास या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. 20 फूट व्यासाच्या विहिरीत 28 फूट पाणी असले तर ते एवढेच भरते. सर्व नत्र विहिरीत उतरत नाही हे खरे. पण उकिरड्यावर गाडी एकच नसते हेही खरे.

या पाण्यास चव, वास वा रंग नसतो, म्हणून शंका येत नाही. अमेरिकेतील आयोवा प्रांतात हंटर कॉमली या डॉक्टरांनी 1945 साली दाखवून दिले की, शेतावरील विहिरीच्या पाण्यात कालविलेल्या दुधावर वाढणारी तान्ही मुले निळी पडतात, कारण नायट्रेटामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. अशा वेळी माउली पाणी उकळते, आणि तेथेच घात होतो. वाफ निघून जाते, नायट्रेट मागे राहून दाट होते. तुरटीचाही येथे उपयोग नाही.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात अधिक नायट्रेटाचे जे पंधरा जिल्हे दिले आहेत, त्यांत आमच्या शिवेचे बुलढाणा, जळगाव व बीड हे तीन आहेत. जालन्याचे नाव त्यांत नाही. म्हणून निर्धास्त राहावे असे आम्हांस वाटत नाही, कारण खडक बव्हंशी तोच आहे.

उपायांत मूत्राकडे प्रथम पाहावे. जनावराच्या उत्सर्गातील नत्राचा मोठा हिस्सा मूत्रात असतो, आणि आम्ही शेण जपतो व मूत्र वाहू देतो! इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी सिद्ध केलेल्या कंपोस्ट पद्धतीत गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती काढून खतात घालीत. वाळलेली माती व काडीकचरा जनावरांखाली पसरणे कोणासही अवघड नाही. उकिरडा विहिरीच्या उताराखाली, निदान 100 फूट दूर असावा. खड्ड्याचा तळ चिकणमातीने चोपून घ्यावा व मृगापूर्वी वर ताडपत्री घालावी. विहिरीचा कठडा फुटका असेल तर तो आधी बांधावा, नाहीतर बाकी सारे व्यर्थ.

शेतात खत पसरल्यावर लगेच वखरून मिसळावे. एकरी दहा गाड्या दिल्यास 25 किलो नत्र पडते. 45 किलोंच्या युरियाच्या गोणीत ते सुमारे 21 किलो असते. शेणखताचे सर्व नत्र पहिल्याच वर्षी पिकास लाभत नाही, तरी युरिया देताना ते हिशेबात धरावे. मोसंबीच्या बागाईतदारांनी तर बहाराचे नत्र हप्त्याहप्त्याने द्यावे. एकदाच टाकून आळी तुडुंब भरली की पैसा पाण्याबरोबर मुळांखाली गेलाच.

पाण्याची तपासणी वैशाखात एकदा व दसऱ्यानंतर एकदा प्रयोगशाळेत करून घ्यावी, म्हणजे पावसाने काय खाली नेले ते कळेल. बिघडलेली विहीर वर्षा-दोन वर्षांत सुधारेलच असे नाही. तोवर घरात सहा महिन्यांखालील मूल असल्यास त्याचे पाणी दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीवरून आणावे.